एका हाताचा काटा

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” श्यामसुंदर टिपणीस म्हणाले, आणि तिथंच त्यांची वाट लागली. बहात्तर वर्षांत जेवणाच्या टेबलावर ते पहिल्यांदाच खरं बोलणार होते, आणि सुरुवात मात्र सवयीने थापेची करून बसले.

“माझ्या उजव्या हाताला काटा येतो. नुसत्या उजव्या. डाव्याला पत्ताच नसतो.”

“थाप!” धाकटे बंधू देवदत्त ओरडले आणि ओरडता ओरडताच त्यांनी ताटलीतली सुरमईची शेवटची तुकडी उचलली.

मुलुंडच्या या घरात हा नियम मिहिरच्या जन्माच्याही आधीचा. श्यामसुंदरांनी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी खोटं पकडायचं, आणि जो पहिल्यांदा मोठ्याने पकडेल त्याला मासळीची शेवटची तुकडी. सख्ख्या भावाच्या खोटेपणावर देवदत्तांनी बोरिवलीहून येऊन-जाऊन जे पोट पोसलं होतं, ते आता खुर्ची कितीही मागे घेतली तरी टेबलाला टेकत होतं.

“काका, मी आधी बोललो यार,” मिहिर कुरकुरला. तो घाटकोपरला राहायचा, आणि बापाच्या घरी येताना पंचेचाळीस वर्षं अंगावरून उतरवून जिन्यातच ठेवायचा.

“तू ‘था’ म्हणालास. मी ‘थाप’ म्हणालो. कोर्टात जा.”

“भांडू नका,” मिहिरची बायको शर्मिष्ठा म्हणाली. “बाबा बोलले तरी. आठवडाभर नुसते भिंतीकडे बघत बसलेत म्हणून आई फोनवर रडत होत्या. बघा, आले की नाही फॉर्मात?”

सगळे हसले. श्यामसुंदरांची बायको कुंदा हसली नाही, आणि मुख्य म्हणजे ओरडलीही नाही. या घरातली पहिल्या नंबरची पकडणारी तीच. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने सासऱ्यांच्या देखत नवऱ्याची थाप पकडून पापलेटची तुकडी खाल्ली होती आणि सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता. ती गप्प बसली याचं कुणाला काहीच वाटलं नाही. देवदत्त काटे काढण्यात गुंतले होते.

कुंदा खिडकी शोधत होती.

खिडकी हा श्यामसुंदरांचा शब्द. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर लोकांचे दावे तपासले. आदल्या रात्री रिकामी करून मग जाळलेली गोदामं, किनाऱ्यावर उभ्या असताना समुद्रात बुडालेल्या होड्या. त्या अनुभवातून त्यांनी तत्त्व काढलं होतं, की खोटं बोलायला हरकत नाही, ऐकणाऱ्याचा अपमान करू नये. प्रत्येक थापेला एक खिडकी ठेवावी, पकडणाऱ्याला आत येता आलं पाहिजे. मनोरीच्या धर्मा कोळ्याच्या होडीतून त्यांनी एकदा अमावास्येच्या रात्री, टिपूर चांदण्यात, होडीएवढी मुशी धरली होती. अमावास्येला चांदणं, ही झाली खिडकी. आणि खिडकी ठेवली रे ठेवली, की ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कुंदाकडे हळूच बघायचे. सापडली का गं?

आज काट्याच्या गोष्टीला खिडकी नव्हती. आणि ते कुंदाकडे बघतही नव्हते. भाताकडे बघत होते.

असंच मंगळवारी झालं होतं. “सकाळी धर्मा येऊन गेला,” ते म्हणाले होते. “त्याला चहा दिलास ना?” कुंदा खिडकीची वाट बघत राहिली. धर्माला जाऊन सहा वर्षं झाली होती. मार्व्याहून बोटीने जाऊन दोघांनीच त्याच्या बायकोचं, मंजुळेचं सांत्वन केलं होतं. श्यामसुंदर वाट बघून चिडले. “इतक्या लांबून माणूस येतो, तुला साधा चहा होत नाही?” खरोखर चिडले. त्या दिवशी कुंदा बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

“हं, तर मुद्द्यावर येऊ,” देवदत्त हात पुसत म्हणाले.

देवदत्त भूगोलाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मधली परीक्षा तेवढी राहून गेली. बाकी सगळा अभ्यासक्रम त्यांना मोबाइलवर रोज पहाटे येत होता.

“वसईच्या पुढे एक जागा आहे. ‘सायंछाया’. झाडं आहेत, भजन आहे, फिजिओथेरपी आहे. माझ्या मित्राचे वडील तिथं अत्यंत आनंदात गेले.”

“गेले म्हणजे?” शर्मिष्ठाने विचारलं.

“म्हणजे वारले. पण आनंदात. सोमवारी एक खोली रिकामी होतेय. मी शब्द टाकून ठेवलाय.”

“त्यांच्यासमोर बोलताय, भावोजी,” कुंदा म्हणाली.

“वहिनी, दादाला कळतंय कुठं? दादा, आज वार कोणता?”

श्यामसुंदरांनी विचार केला. “मासळीचा,” ते म्हणाले.

“बघा,” देवदत्त म्हणाले.

“रविवारच आहे ना?” कुंदा म्हणाली. “मासळी रविवारी असते. बरोबरच उत्तर आहे.”

“आई, प्लीज,” मिहिर म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. वाईट असता तर सोपं गेलं असतं. हा समजूतदार होता. “तू एकटी कसं करणार? परवा त्यांनी पेपर फ्रिजमध्ये ठेवला आणि दूध टीपॉयवर. कालच्या दिवसात तीन कप फोडले. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं ना, वयाचं आहे म्हणून? ईईजी केला, नॉर्मल आला. फिट नाही, काही नाही. तू माझ्याकडे ये घाटकोपरला. बाबांना तिथं माणसं असतील बघायला.”

“आणि मी तुझ्याकडे येऊन काय बघू? तुझा टीव्ही?”

“मला विचाराल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं,” शर्मिष्ठा म्हणाली. ती बँकेत होती आणि कुठल्याही खात्याचं काम दुसऱ्या खात्याकडे पाठवण्यात वाकबगार होती. “हे डिप्रेशनही असेल. बघा ना, कसे शांत झालेत. खरं सांगू का, वाईट नाही वाटत ते. गणपतीपासून एकही थाप नाही. माझ्या आईला तर फार आवडले या वेळी. म्हणाली, विहीणबाईंचे यजमान सुधारले.”

“सुधारले!” कुंदा म्हणाली. तिने पदराने कपाळ पुसलं. “अगं, त्यांनी खोटं बोलणं सोडलं आणि तुम्ही सगळ्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेत. मासा पोहायचा थांबला तर त्याला योगी म्हणाल तुम्ही.”

“वहिनी, सोडियमचं विसरू नका,” देवदत्त म्हणाले. “रक्तात कमी आलंय. का? तुम्ही बीपीच्या नावाखाली जेवणात मीठ घालत नाही. ही सुरमई बघा. अळणी.”

“अळणी होती तर शेवटची तुकडी कशाला खाल्लीत?”

“ती नियमाने खाल्ली.”

या क्षणी ते झालं. श्यामसुंदरांचा उजवा गाल एकदम कानाकडे ओढला गेला, उजवा हात खांद्यापासून झटकला, आणि हातातला घास देवदत्तांच्या चष्म्यावर जाऊन बसला. डोळा मिटून उघडावा इतक्यात सगळं संपलं. श्यामसुंदर पुन्हा भाताकडे बघू लागले, जणू घास दुसऱ्याच कुणाचा होता.

“हे!” देवदत्त चष्मा पुसत म्हणाले. “हे नाटक! दिवसातून पन्नास वेळा. जाळं फेकतोय म्हणे धर्मासारखं. लहानपणापासून नकला करायची खोड. आईला वाटायचं हा नटसम्राट होणार, झाला विम्याचा कारकून.” आणि त्यांनी मोबाइल वर धरला, पण तोवर झटका होऊन गेला होता. “चुकला. असू दे, पंधरा-वीस आहेत माझ्याकडे.”

खरोखरच होते. गणपतीपासून देवदत्त जेव्हा जेव्हा येत, तेव्हा भावाच्या झटक्यांचे व्हिडिओ काढून टिपणीसांच्या ग्रुपवर टाकत. खाली पुण्याची लता आत्या, ठाण्याचा राजेश, झाडून सगळे हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावत. कुंदानेही एकदा लावली होती. ते आठवलं की तिला स्वतःचं बोट चेचावंसं वाटे.

“काटा आला,” श्यामसुंदर म्हणाले. कुणालाच उद्देशून नव्हे. हवा गार आहे, असं म्हणावं तसं.

“थाप,” मिहिर सवयीने पुटपुटला. तुकडी संपली होती, त्यामुळे आवाजात जोर नव्हता.

कुंदा उठली. टेबलाला वळसा घालून नवऱ्याच्या मागे आली आणि त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, भाजीवालीसमोर दोन दुधी ठेवून निवडावेत तसे.

उजव्या हातावर मनगटापासून वर सगळे केस ताठ उभे होते, कातडी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी. डावा हात गुळगुळीत, झोपलेला.

“इकडे बघा,” ती म्हणाली. कुणी हललं नाही. मग ती ओरडली. लग्नापासून जो आवाज एका शब्दासाठी राखून ठेवला होता, त्या आवाजात ती उलटा शब्द ओरडली. “खरं! खरं आहे हे! थाप नाही!”

हॉलमधल्या दिवाणावर चादरीचा एक ढीग होता, तो उठून बसला. ती गार्गी, देवदत्तांची मुलगी. सरकारी इस्पितळात मेडिसिनचं पुढचं शिक्षण घेत होती, म्हणजे जिथं टेकेल तिथं झोपत होती. आज ड्यूटीवरून थेट इथं येऊन आडवी झाली होती, आणि तिच्या घोरण्यावर मघाशी देवदत्तांचं व्याख्यान आरामात चाललं होतं.

“काय खरं, काकू?”

“तू झोप गं,” देवदत्त म्हणाले. “मोठ्यांचं चाललंय.”

गार्गी केस बांधत आली. मोठ्या काकांचा हात पाहिला. दुसरा पाहिला. तोवर काटा बसत चालला होता, पण थोडा शिल्लक होता. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि तिच्या चेहऱ्यावरची झोप अशी गेली, जशी परीक्षेत ओळखीचा प्रश्न दिसल्यावर जाते.

“मोठे काका, हे कधीपासून?”

“धर्मा म्हणाला होता,” श्यामसुंदर म्हणाले.

“गणपतीपासून,” कुंदा म्हणाली. “आधी तोंड आणि हात. मग काटा. मग विसरणं.”

“तोंड आणि हात एकाच बाजूचे? एकदमच?”

“उजव्याच बाजूचे. एका वेळी. क्षणभर.”

“आणि सोडियम कमी आलंय, असं मघाशी झोपेत ऐकलं मी. बाबा, मला वाटलं स्वप्नातही तुम्हीच बोलताय.” तिने हात पुढे केला. “मोबाइल द्या. ते व्हिडिओ.”

“गार्गी, ते गमतीचे—”

“द्या ना.”

तिने एकेक व्हिडिओ पाहिला. आधी नेहमीच्या वेगाने, मग हळू करून. टेबलावर एकच आवाज, देवदत्तांचं स्वतःचं रेकॉर्ड झालेलं हसणं, प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी, पुन्हा पुन्हा. सातव्या हसण्यानंतर देवदत्तांनी पाणी मागितलं. कुणी दिलं नाही.

“ऐका,” गार्गी म्हणाली. “मी अजून शिकतेय, माझी शंभर टक्के खात्री नाही. पण हे म्हातारपण वाटत नाही, आणि नाटक तर नाहीच. हे झटके फिटचेच असू शकतात.”

“ईईजी नॉर्मल आहे,” मिहिर म्हणाला.

“दादा, या जातीच्या झटक्यात ईईजी बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. तिथंच लोक फसतात. एक आजार असतो, शरीराचं जे सैन्य बाहेरच्या जंतूंशी लढायला ठेवलेलं असतं, तेच मेंदूवर उलटतं. मेंदूला सूज येते. कुणी भ्रमिष्ट होतं, कुणी गप्प होतं, कुणाला असे झटके येतात, सोडियम उतरतं. आणि क्वचित कुणाला फक्त एका हाताला काटा येतो. हे इतकं विचित्र असतं की रोगी सांगतो आणि कुणी मानत नाही.”

देवदत्तांच्या ताटात सुरमईचा काटा तेवढा उरला होता.

“बरं होतं का?” कुंदाने विचारलं.

“वेळेत ओळखलं तर बरंच. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं सांगता येत नाही. आजच दाखल करू. मी सरांना व्हिडिओ पाठवतेय.”

“आज रविवार आहे,” मिहिर म्हणाला.

“मासळीचा,” श्यामसुंदरांनी दुरुस्त केलं.

“गाडी मी काढते,” शर्मिष्ठा उठत म्हणाली. बँकेतली बाई; चुकीच्या खात्यात रक्कम टाकली हे कळल्यावर तिला स्वस्थ बसवत नसे. “मिहिर, बाबांचे रिपोर्ट घे. आई, त्यांचे कपडे. काका, तुम्ही त्या सायंछायावाल्यांना फोन करून सांगा, सोमवारी खोली नको.”

“पण मी शब्द टाकलाय.”

“मग तुम्ही जा राहायला. झाडं आहेत, भजन आहे.”

इस्पितळात सगळं झालं. रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, आणि एमआरआय. त्या खोलीच्या दाराशी परिचारिकेने बजावलं, अंगावर धातूचा कण नको. कुंदाने नवऱ्याच्या बोटातली अंगठी काढली, गळ्यातली साखळी काढली, मनगटावरचं निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ काढलं आणि तिन्ही वस्तू रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या. श्यामसुंदर तिच्याकडे बघत होते. “बाई,” त्यांनी विचारलं, “तुमचं आडनाव काय?” कुंदाने सांगितलं, “टिपणीस.” ते म्हणाले, “अरे वा, आमच्यातच.” मग त्यांना आत नेलं, आणि ती पर्स पोटाशी धरून बाकावर बसून राहिली.

रिपोर्टने गार्गीची शंका खरी ठरवली. स्टिरॉइड सुरू झाली, मग शिरेतून थेंब थेंब जाणारं महागडं पाणी. झटके आधी थांबले. काटा थांबला. चेहरा पुरीसारखा फुगला आणि भूक इतकी वाढली की देवदत्तांना प्रतिस्पर्धी मिळाला. आठवणी मात्र एकेक करून, उंबऱ्यावर चपला काढून, संकोचत परतल्या. कुंदाचं आडनाव आलं, मग नाव. धर्मा गेल्याचं आलं, तेव्हा ते पुन्हा नव्याने रडले.

“काकू, एक लक्षात ठेव,” घरी सोडताना गार्गीने सांगितलं होतं. “मधले दिवस त्यांच्या डोक्यात कोरे आहेत. मेंदूला कोरी जागा आवडत नाही, तो काहीतरी बनवून भरतो. काका एखादी न घडलेली गोष्ट सांगतील आणि त्यांना ती खरीच वाटेल. ते खोटं नसतं, तो आजाराचा शिल्लक भाग असतो. तसं काही दिसलं तर मला सांग.”

“खोटं आणि ते, यात फरक कसा ओळखायचा?”

“आम्हालाही अवघड जातं,” गार्गी म्हणाली.

होळीनंतरच्या रविवारी सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती जमले. सुरमई होती, मीठ व्यवस्थित होतं. कुटुंब मात्र बदललं होतं. या घराला आता पश्चात्तापाचा इतका सोस लागला होता, की श्यामसुंदरांनी पाणी मागितलं तरी दोघंजण डोळे पुसत उठायचे. देवदत्त तर बोरिवलीभर सांगत होते, “निदान झालं ते माझ्या व्हिडिओंमुळे. मी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवत होतो. शास्त्रीय दृष्टी लागते.”

जेवण अर्ध्यावर आलं आणि श्यामसुंदरांनी घसा साफ केला.

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही.”

“बसेल दादा! का नाही बसणार?” देवदत्त म्हणाले.

“आमचा आहेच, बाबा,” मिहिर म्हणाला.

श्यामसुंदर जरा गडबडले. पण निघाले. “मला त्या एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं ना, तर आत आधीच एक बाई. डोंबिवलीची. म्हणाली, मला परवा घातलंय, काढायलाच विसरलेत.”

“बापरे!” शर्मिष्ठा म्हणाली. “किती हाल झाले असतील.”

“तक्रार करायला हवी,” मिहिर म्हणाला.

“मी वर्तमानपत्रात पत्र लिहितो,” देवदत्त म्हणाले. “बाईंचं नाव काय, दादा?”

श्यामसुंदरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं प्रेमाने हलत होती. त्यांचा आवाज उतरला. “नाव… शकुबाई. तिने मला भरल्या पापलेटाची कृती सांगितली. आवाज फार, म्हणून कानात.”

“ऐकू आलं ना नीट?” शर्मिष्ठाने काळजीने विचारलं.

कुंदाचा हात ताटात थांबला होता. समोर बसलेला हा माणूस थाप मारतोय, की कोरी जागा भरतोय? गार्गी आज ड्यूटीवर होती, पण फोनवर एका हाकेच्या अंतरावर होती. गोष्टीत अजून खिडकी नव्हती. वेडगळपणा होता, पण वेडगळपणा काय, आजारही करतो. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ताटलीत एक तुकडी उरली होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“बराच वेळ गप्पा झाल्या,” श्यामसुंदर हळू हळू म्हणाले. “मग मला वाटलं, कुंदा बाहेर ताटकळली असेल. किती वाजले बघावं. म्हणून मी मनगट वर केलं, आणि माझ्या घड्याळात पाहिलं…”

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी हळूच तिच्याकडे बघितलं.

“थाप!” कुंदा इतक्या जोरात ओरडली की देवदत्तांच्या हातातला पेला सांडला. “धडधडीत थाप! घड्याळ माझ्या पर्समध्ये होतं, अंगठीशेजारी, रुमालात बांधलेलं! आणा ती तुकडी इकडे!”